अंगठ्यावरचा फोकस

बसू,

तुझ्या शोकसभेला लावलेला तुझा फोटो आउट होता. आपल्या धंद्यातला आउट. चेहरा धुरकट आणि मागच्या मांडवाची झालर लख्ख. सभागृहात चाळीस-पन्नास फोटोग्राफर बसले होते, प्रत्येकाच्या घरी दोन-दोन कॅमेरे, आणि एकाकडेही तुझा धड फोटो नव्हता. कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मोबाईलवर काढलेला, बाजूची माणसं कापून मोठा केला होता. तुझ्या उजव्या खांद्यावर कुणाचातरी हात तसाच राहिला होता, मनगटापासून तुटलेला. हार घातल्यावर तो झाकला, तेवढं बरं झालं.

मग भाषणं. "बसवराजअण्णा म्हणजे तंत्रावर हुकमत," एक जण म्हणाला. हाच तुझ्या माघारी तुला लिफ्टमन म्हणायचा, दिवसभर बटणं दाबतोस म्हणून. दुसरा म्हणाला, त्यांच्याकडून खूप शिकायला मिळालं. काय शिकला देव जाणे. त्याच्या अल्बममधल्या नवऱ्या अजून पिठात लोळून आल्यासारख्या दिसतात. मला म्हणाले, "इक्बालभाई, बावीस वर्षांचे पार्टनर तुम्ही. दोन शब्द बोला." मी मान हलवली, घसा दाखवला आणि बसून राहिलो. सगळ्यांना वाटलं, दुःख. शेजारच्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी ती प्यायलो पण.

दुःख नव्हतं बसू. तोंड उघडलं असतं तर कागलच्या लग्नाचं बाहेर पडलं असतं. तीन वर्षं मी ते तुझ्यापासून लपवलं आणि तू गेल्यावर मला वाटलं, चला, सुटलो. आता सांगायला कुणी उरलं नाही. असा हलका माणूस आहे मी. पण ते सुटलं नाही, तुझ्या पोरीच्या गळ्यात जाऊन पडलं. म्हणून आता सांगतोय. तुला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. ऐकू येत होतं तेव्हा सांगायची माझ्यात धमक नव्हती.

तुमच्या लिंगायतांतही पुरतात, आमच्यातही. फरक एवढाच की आम्ही आडवं ठेवतो आणि तुम्ही बसवता. कपाळाला विभूती लावून, मांडी घालून, वर बेलाची पानं टाकत तुला खाली बसवलं. बावीस वर्षांत कुठल्याही लग्नात तू खुर्चीला टेकल्याचं मी पाहिलं नव्हतं. मला हसू आलं. खरंच आलं. मी तोंडावर रुमाल धरला. तुझ्या मेहुण्याला वाटलं मी रडतोय, त्यानं पाठीवरून हात फिरवला. मग रडू आलं, ते हसण्याच्या लाजेनं. तुझ्यासाठीचं रडू अजून आलेलं नाही. वाट बघतोय.

आता तुझ्या बटणांचं बोलू. कारण तुझ्याबद्दल बोलायचं म्हणजे दुसरं काय बोलणार?

आपण दोघांनी एकदम मिररलेस कॅमेरे घेतले. दोन सारख्या बॉडी, कारण आपली पद्धतच तशी होती. एकाला लांबची लेन्स, एकाला जवळची, आणि ऐन गर्दीत लेन्स बदलत बसण्यापेक्षा कॅमेरेच एकमेकांच्या हातात द्यायचे. बोलायचं नाही, बघायचं नाही, नुसता हात पुढं करायचा. तुझा माझ्या हातात, माझा तुझ्या. लोकांना जादू वाटायची. दोन माणसं आणि एकच डोळा, असं आपल्याबद्दल कुणीतरी म्हणालं होतं. ते तुला फार आवडलं होतं, चार-पाच महिने सगळ्यांना सांगत होतास.

त्या वर्षी आषाढ लागला, मुहूर्त संपले आणि तू कॅमेऱ्याचा मेनू उघडलास. तो पुढं चार महिने मिटला नाहीस.

जगातला प्रत्येक कॅमेरा कारखान्यातून एकाच रीतीनं येतो. शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस, पुरतं दाबलं की फोटो. शाळेतल्या पोरालाही कळेल. तुला ते पटलं नाही. तू शटरवरचा फोकस काढून टाकलास आणि मागं अंगठ्याजवळच्या बटणावर नेऊन ठेवलास. पुढची चकती मागची केलीस, मागची पुढची. व्हिडिओच्या लाल बटणावर चेहरा मोठा करून बघायची सोय. आणि डिलीटच्या बटणावर रंगाचा तोल. डिलीटच्या! मी म्हणालो, "एक दिवस नवरीच पुसून टाकशील."

"फोटो काढताना ते डिलीट नसतंय इक्बाल्या, मोकळं असतंय. मोकळं बटण म्हंजे रिकामा बसलेला माणूस. त्याला काम लावाय पायजे."

"मग माझ्याबी नाकावर काहीतरी बसव. ते पण मोकळंच हाय."

तू हसला नाहीस. बटणांच्या बाबतीत तू कधीच हसायचा नाहीस, हीच तर तुझी मोठी अडचण होती. डोळ्यांना रुमाल बांधून स्टुडिओच्या मधोमध उभा राहायचास आणि बोटं चाळवत पुटपुटायचास. पासपोर्ट फोटोला आलेली एक म्हातारी दारातच थबकली. "हितं काय आंधळी कोशिंबीर चाललीया व्हय?" म्हणाली आणि समोरच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक गेलं त्याचं तुला काही नाही. रुमाल न काढता तू मला विचारलंस, "ती हसत होती का घाबरली?" म्हणालास, हसत असेल तर चेहऱ्यावर फोकस किती वेळात आला असता ते मोजायचं होतं.

बरं, एकदा लावलंस आणि थांबलास असं तरी करावं. दर पंधरा दिवसांनी नवी मांडणी. काल तर्जनीत असलेलं आज करंगळीत. पाठ करायला एक वही केलीस, वहीत कॅमेऱ्याची चित्रं, प्रत्येक बटणाला बाण. मी ती वही बघून पोट धरून हसायचो. आणि तू माझ्या मागं लागायचास, "इक्बाल्या, तुझा पण असाच लावून घे. न्हायतर कॅमेरं बदलायचं कसं?"

"मला न्हाय जमत तुझं ते."

"जमंल की. आठ दिवस लागतील."

"माझं डोकं न्हाय तेवढं."

पहिली कबुली इथंच देतो, बसू. माझं डोकं तेवढं होतं. तुझी सगळी बटणं मला पहिल्या आठवड्यातच पाठ झाली होती. तू रोज मोठ्यानं बोलायचास, न पाठ होऊन सांगतात कुणाला? पुढं प्रत्येक वेळी तू मांडणी बदललीस, ती मला तुझ्याआधी बसायची. मी मुद्दाम अडाणी राहिलो. कारण शिकलो असतो तर तू बरोबर ठरला असतास. तुला बरोबर ठरू द्यायचं नाही एवढ्यासाठी मी बावळटपणाचं सोंग घेतलं आणि आपली ती कॅमेरे बदलायची पद्धत मोडली. त्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतर आपण एकमेकांसमोर हात पुढं केला नाही. लग्नात दोन कोपऱ्यांत दोन परके फोटोग्राफर उभे असावेत तसे उभे राहायचो.

वाद मात्र मी सोडलेला नाही. तुझं म्हणणं, कॅमेरा आपल्या हातासारखा झाला पायजे, दुसऱ्याच्या हातात गेला तर त्यानं काम करू नये. माझं म्हणणं, कॅमेरा असा असावा की कुणाच्याही हातात दिला तरी फोटो निघावा. तू उद्या आजारी पडलास, बस चुकलास, मेलास, तर? मेलास की. आणि तुझा कॅमेरा आता कपाटात पडलाय. तुझ्या घरात कुणाला त्यानं खिडकीतल्या कुंडीचा फोटो काढता येत नाही. मी बरोबर होतो. तू म्हणशील, कुंडीचा फोटो काढायला मी घेतला नव्हता. म्हणत बस.

तू माझ्यासाठी काय केलंस ते मी विसरलो असं समजू नकोस. एका घरानं ऑर्डर देताना म्हटलं होतं, तुम्ही या, तुमचा तो दुसरा माणूस नको, आमच्यात देवाचं कार्य असतं. तू ऑर्डर परत केलीस. मला बोलला नाहीस. सहा महिन्यांनी मला ते व्हिडिओवाल्याकडून कळलं. मी तुझ्यापाशी विषय काढला तर म्हणालास, "त्यांचा मांडव बेकार हुता, उजेडच न्हवता." एवढंच. एवढा चांगुलपणा तोंडावर मारून गेलास आणि मला आभार मानायचीही सोय ठेवली नाहीस. त्याचाही राग आहेच.

कागल. तुझ्या धाकट्या बहिणीच्या पोरीचं, तनुजाचं लग्न.

तू मामा. अक्षता पडताना मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं, हे कुणी सांगायला लागत नाही. घरच्यांनी तुला सकाळपासून गळ घातली. तुझी बहीण म्हणाली, "अण्णा, आज तरी ते गळ्यातलं काढ की. तिला तूच एक मामा हाईस." आणि तू, शहाणा, म्हणालास, "मामा फोटो काढणार. पाठीमागं चुलतभाऊ हुबा ऱ्हाईल." तुझं म्हणणं, अक्षता पडतात त्या क्षणाचा पोरीचा चेहरा तिला आयुष्यभर ठेवायचाय आणि तो दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडणार नाहीस.

मी पुढं झालो. मनापासून झालो. "तू उभा राहा बसू. मी काढतो की तो फोटो. एकोणीस वर्षं काय गोट्या खेळलो?"

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. तुझे पाहुणे, तनुजाच्या मैत्रिणी, फेटे बांधणारा. त्या सगळ्यांसमोर तू म्हणालास, "तू? तुझा फोकस शटरवर हाय लेका. अक्षता पडाय लागल्या की तुझा कॅमेरा तांदळाचा फोटो काढतोय. नवरी मागं भूत हुतीया."

सगळे हसले. फेटेवाला सगळ्यात मोठ्यानं.

तू खरं बोलला होतास, हेच जास्त लागलं. शटरवर फोकस असला की दरवेळी बटण दाबताना कॅमेरा नव्यानं फोकस शोधतो, आणि समोर वर झालेले हात असतील, उडणारे तांदूळ असतील, तर जे जवळ ते पकडतो. तुझ्या पद्धतीत अंगठ्यानं एकदा चेहऱ्यावर फोकस धरायचा, अंगठा सोडायचा, मग तांदूळ पडोत नाहीतर गारा, फोकस जागचा हलत नाही. म्हणून तुझे अक्षतांचे फोटो कोल्हापुरात नावाजलेले. मला ते माहीत होतं. पण असं, नवरीच्या मैत्रिणींसमोर? चोवीस तास तुझ्या खांद्याला खांदा लावणाऱ्या माणसाला?

मामाला आहेराचा फेटा बांधायला तुला आत बोलावलं. जाताना तू गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिलास. न बघता. कित्येक महिन्यांनी तू तसा हात पुढं केला होतास.

मी मेनू उघडला. मला बघायची गरजही नव्हती. एकच ओळ, शटरबरोबर फोकस. ती तू बंद ठेवलेली असायचीस, मी चालू केली. चार वेळा बोट दाबलं असेल. अंगठ्याचं बटण तसंच राहू दिलं. हात लावला तो फक्त त्या एका ओळीला. मनात म्हणालो, आता काढ तांदळाचा फोटो.

मला वाटलं, आल्या आल्या तू एखादा फोटो काढून बघशील, तुझ्या लक्षात येईल, मला चार शिव्या घालशील, मीही सगळ्यांसमोर हसून घेईन. फिटंफाट. तू आलास, फेटा डोळ्यांवर येत होता, अंगठ्यानं फोकस घेऊन चुलतभावाचा एक फोटो काढलास, पडद्यावर बघितलास आणि खूश झालास. समोर काही आडवं नव्हतं, फोटो चांगलाच येणार. तुला काही कळलं नाही.

मग मंगलाष्टका सुरू झाल्या. सगळ्या मंगलाष्टका, बसू. पुरता वेळ होता. तुझ्या-माझ्यात दहा पावलं होती. तू गुडघ्यावर बसून डोळा लावला होतास, बहिणीकडं बघत नव्हतास, कुणाकडं बघत नव्हतास. मी तिथून हाक मारू शकत होतो. पुढं येऊन तुझ्या कानात सांगू शकत होतो. प्रत्येक कडव्याला मी ठरवलं, आता जातो. आणि प्रत्येक कडव्याला मला त्या फेटेवाल्याचं हसू ऐकू आलं. शेवटचं 'सावधान' झालं, बँड वाजला, आणि हात वर गेले.

जेवणाच्या वेळी तू मला भांड्यांच्या खोलीत बोलावलंस. मोठाली पातेली रचून ठेवली होती, त्यांच्या आडोशाला तू उभा होतास. कॅमेऱ्याचा पडदा माझ्यासमोर धरलास. बांगड्यांचे हात लख्ख. तांदळाचा दाणा न् दाणा लख्ख, हवेत थांबलेला. मागं एक हिरवा डाग आणि एक पांढरा डाग. तनुजा आणि तिचा नवरा. तू एकामागून एक पुढं सरकवत गेलास. सगळे तसेच.

मेनू तू तपासला होतासच. तू न तपासून कसा राहशील? ती ओळ तुला सापडली होती.

"हे चालू हाय," म्हणालास. "हे कसं काय चालू झालं?"

मी पातेल्यांकडं बघितलं.

"इक्बाल्या, तू हात लावलतास काय?"

"मी?" मी म्हणालो. "मला कुठं कळत्यात तुझी बटणं?"

तू लगेच मान हलवलीस. म्हणालास, "व्हय. तुला कुठं कळत्यात."

तीन वर्षं मी हे वाक्य ऐकतोय. चिडून म्हणाला असतास, संशयानं म्हणाला असतास तर मी त्याच क्षणी बोललो असतो, निदान असं मी स्वतःला सांगतो. पण तू साधेपणानं म्हणालास. माझ्या अडाणीपणावर तुझा पूर्ण विश्वास होता. ज्या सोंगाला मी तुझी जिरवायला जपलं, त्याच सोंगाच्या मागं मी लपलो. माझ्यापेक्षा हलका माणूस त्या हॉलमध्ये त्या दिवशी दुसरा कुणी नव्हता.

बाहेर जाऊन तू बहिणीला सांगितलंस, "माझ्या हातनं चुकलं." ती म्हणाली, "असूदे अण्णा." आणि वाढायला निघून गेली. ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही, पण तू मामाच्या जागी उभा राहिला नाहीस हे तिच्या तोंडावर राहिलं ते राहिलंच. त्या अल्बममध्ये अक्षतांच्या पानावर मी मागून काढलेला गर्दीचा फोटो घातला. त्यात तनुजा बोटाच्या पेराएवढी आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. एक लग्न बिघडलं, बिघडतात. पण तुझं डोकं तिथं थांबणारं नव्हतं. तू विचार केलास, इक्बाल्यानं हात लावला नाही, म्हणजे मीच लावला. लावला आणि आठवत नाही. म्हणजे अव्वासारखं.

अव्वाला, तुझ्या आईला, काय झालं होतं ते मी पाहिलंय. चहात मीठ. तुला तुझ्या मेलेल्या वडिलांच्या नावानं हाक. एकदा भर दुपारी घरातून निघून स्टँडवर जाऊन बसली आणि गडहिंग्लजच्या गाडीची चौकशी करत राहिली, माहेरी जायचं म्हणून, जे माहेर चाळीस वर्षांपूर्वी मोडलं होतं. शेवटची चार वर्षं तू तिला भरवलंस. तुला त्याच्याइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नव्हती, आणि मी ती भीती चार बोटं दाबून तुझ्या डोक्यात बसवली.

पुढच्या आठवड्यात तू स्टेज सोडलंस. "तू काढ आता. माझा भरवसा न्हाय." मी वरवर नको नको म्हणालो आणि काढायला लागलो. लोक मला सर म्हणायला लागले. मला ते आवडलं. लिहायला हात अडखळतोय, पण आवडलं. तू आतल्या खोलीत बसून जुने फोटो स्कॅन करायचास, अल्बमची पानं लावायचास. ज्या माणसानं दर पंधरा दिवसांनी बटणं फिरवली त्यानं मेनू उघडायचंच सोडलं. सकाळी आल्या आल्या विचारायचास, "आज वार कुठला? थांब, सांगू नगंस, मी सांगतो." आणि बरोबर सांगायचास. दरवेळी बरोबर. मेंदूच्या डॉक्टरनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तर म्हणालास, "सुरवातीला अव्वाला पण काय न्हाय म्हणालते." तुझी ही अक्कल! जगातल्या कुठल्याही माणसाच्या बोलण्यावर तुझा विश्वास नव्हता, डॉक्टरच्या नाही, बायकोच्या नाही. विश्वास ठेवलास तो नेमका माझ्यावर.

जोतिबाला गेलो होतो आपण, गेल्या वर्षी, माघातल्या खेट्यांच्या, पायी वारीच्या, एका रविवारी. एका कॅलेंडरवाल्याला गुलालाचे फोटो हवे होते. मी कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळत होतो, तू पायरीवर बसला होतास. गुलालवाला ओरडत होता, "पावणं, चपला हितं काढा, गुलाल हितनं घ्या!" तू त्याच्याकडं बघत म्हणालास, "इक्बाल्या, मला कळंनासं झालं की तू सांगशील न्हवं? घरचं सांगणार न्हाईत. तू खोटं बोलू नगंस."

मी म्हणालो, "सांगीन की."

गुलालानं दोघांचंही तोंड माखलेलं होतं. मला फार सोपं गेलं.

सव्वीस दिवसांपूर्वी तू सकाळी दाढी करताना पडलास. हृदय. डोकं नव्हे, हृदय. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी मनात म्हणालो ते वर लिहिलंच आहे. सुटलो.

परवा वहिनींनी बोलावलं. कपाटातला कॅमेरा घेऊन जा म्हणाल्या. तुझी सुप्रिया वारणानगरहून आली होती. तिचं लग्न ठरल्यात जमा आहे, हे तुला माहीत होतंच. ती म्हणाली, "काका, त्या लोकांना मी सांगून टाकणार आहे. आजीला होतं, बाबांना सुरू झालं होतं, म्हणजे मलापण असणार. लपवून लग्न केलेलं मला आवडणार नाही." अगदी तुझ्यासारखी बोलली, समोरच्याला बोलायला जागाच न ठेवता. वहिनी म्हणाल्या, "तीन दिवस हेच चाललंय. तुम्ही तरी समजवा भावजी."

मग मी सांगितलं. फेटेवाल्यापासून भांड्यांच्या खोलीपर्यंत. दोघींकडं न बघता, तुमच्या त्या निळ्या फरशीकडं बघून. सांगून झालं. वहिनी उठून आत गेल्या आणि तुझे तीन शर्ट घेऊन आल्या, इस्त्रीचे. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी होती. तुझं नाव, घरचा पत्ता, खाली त्यांचा नंबर.

"रोज सकाळी मी ही खिशात घालत हुते," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, घाल, कुठं हरवलो तर कुणीतरी आणून सोडंल. तीन वर्षं, भावजी. आंघोळीहून आले की आधी खिसा चाचपायचे. तुम्ही रोज त्यांच्या शेजारी बसत हुता."

मी म्हणालो, "व्हय."

"आणि तुम्हाला ठाऊक हुतं."

"व्हय."

सुप्रियानं एकच विचारलं. "म्हणजे बाबांना शेवटपर्यंत सगळं नीट आठवत होतं?" मी हो म्हणालो. ती तोंडावर ओढणी घेऊन रडली, आणि मला कळेना ती आनंदानं रडतेय की कशानं. विचारायचा मला हक्क नव्हता.

वहिनींनी शर्टांच्या घड्या परत घातल्या. "तोंडानं नको," म्हणाल्या. "तोंडाचं तुम्ही उद्या फिरवाल. लिहून द्या, नावानिशी. तुमच्या फोटोवाल्यांच्या मासिकात त्यांचा फोटो छापणार म्हणालेत न्हवं, त्याच्याखाली छापा. पोरीला दाखवाय कागद हुईल. आणि महिन्याच्या पूजेला येऊ नका." चहा विचारला नाही. कॅमेराही दिला नाही. दोन्ही बरोबर केलं.

तर हा कागद. बसवराज यांना विसरायचा आजार नव्हता. त्यांच्या कॅमेऱ्यातली ती एक ओळ त्यांनी बदलली नव्हती, मी बदलली, आणि विचारल्यावर खोटं बोललो. ते विसरले काहीच नव्हते. माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच एक चूक त्यांच्या डोक्यानं केली.

बसू, आपल्या लोकांना लांब मजकूर छापायचा कंटाळा असतो, तुला माहीत आहे. मी त्यांना बजावून ठेवलंय, जागा कमी पडली तर माझी तुझ्यावरची जळजळ कापा, जोतिबा कापा, माझं रडणं-हसणं कापा. कागलचं एक अक्षर कापायचं नाही.

– इक्बाल